दहा बोटांचा महिना

ओल्या काजूच्या बिया सोलायला बसताना हाताला खोबरेल चोपडायचं असतं, हे वेंगुर्ल्याकडच्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. ज्ञानदा परब चौतीस वर्षांची होती, बी.एस्सी. बी.एड. होती आणि तिने ते चोपडलं नव्हतं.

सासू, प्रभावतीबाई, तेलाची वाटी घेऊन मागे उभी होती. "हाताक तेल लाव गो, चीक भाजता," असं तिने दोनदा सांगितलं. पण विमान परवावर आलेलं, बिया दोन टोपल्या, आणि ज्ञानदाला घाई. "आई, मला काय हे नवीन आहे?" म्हणून तिने विळी पुढ्यात ओढली. तेलाने बी हातातून निसटते आणि वेळ जातो, हेही खरंच होतं. दोन दिवसांत तिने दोन किलो गर काढले, गोठवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कपड्यांच्या मधोमध भरले. हात चुरचुरत होते. ते तिने मनावर घेतलं नाही.

हे सगळं देवेशसाठी होतं. देवेश तिचा नवरा, मस्कतला एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. त्याची सुट्टी दरवर्षी डिसेंबरात पडायची आणि काजू काही डिसेंबरात ओला मिळत नाही. "सहा वर्षं झाली ओल्या काजूची उसळ खाऊन," असं तो फोनवर म्हणाला होता. सहजच म्हणाला होता. पण नवरा लांब असला की त्याचं सहज बोललेलंही बायका गाठीला बांधून ठेवतात.

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि दोघं एका छपराखाली राहिली होती ती सगळी मिळून आठेक महिने. फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार देवेशला कधीच झाला नाही. तो मस्कतच्या रुवी भागात सहा जणांच्या खोलीत एका खाटेवर, ती सासूकडे. शेवटी ज्ञानदानेच डोकं लढवलं. मस्कतमधल्याच अल हैलच्या एका खाजगी शाळेला वर्षाच्या मध्येच इंग्रजीची बाई हवी होती. ऑनलाइन मुलाखत झाली, शाळेने तिच्या स्वतःच्या नावावर व्हिसा काढला, आणि दोन हजार पंधराच्या एप्रिलात ती काजूगर घेऊन मस्कतला उतरली. देवेशने वादी अदाईत एका खोलीचा फ्लॅट घेऊन ठेवला होता. खिडकीतून समोर उघडा डोंगर, झाड औषधालाही नाही. तो आपल्या खोलीतून एक बॅग घेऊन राहायला आला.

"सहा वर्षांचा संसार एका बॅगेत?" तिने चिडवलं.

"बाकीचं जैनुद्दीनला देऊन टाकलं," तो म्हणाला. जैनुद्दीन म्हणजे खोलीतला त्याचा शेजारच्या खाटेवरचा दोस्त, रायगडकडचा. ती हसली आणि काजूगर फ्रीझरमध्ये ठेवले. शुक्रवारच्या सुट्टीला उसळ करू, असं ठरलं.

शुक्रवारच्या आधी बोटांची कातडी निघायला लागली.

आधी टोकं पांढरी पडली, मग पापुद्रे सुटले. खालून जे निघालं ते सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत. दुखतही नव्हतं फारसं. शाळेत जायचं, यायचं, त्यात कुणाला वेळ होता बोटांकडे बघायला? मेडिकल झाली, रक्त दिलं, छातीचा एक्सरे झाला. दहाव्या दिवशी शाळेचा मंदूब, म्हणजे सरकारी कागद घेऊन फिरणारा माणूस, अहमद, तिला रेसिडंट कार्डाच्या ऑफिसात घेऊन गेला. तिथे फोटो काढला आणि काउंटरमागच्या बाईने काचेकडे बोट दाखवलं. चार बोटं ठेवा.

मशीनने लाल फुली दाखवली. पुसून पुन्हा ठेवा. पुन्हा फुली. डावा हात. फुली. अंगठे. फुली. काउंटरवरच्या बाईने तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा केला, तांदूळ निवडताना बघावं तसं प्रत्येक टोक निरखून पाहिलं, आणि अहमदला अरबीत काहीतरी सांगितलं. ती चांगली बाई होती. जाताना तिने पर्समधली क्रीमची ट्यूब काढून ज्ञानदाच्या हातात ठेवली.

"क्या बोली?" ज्ञानदाने गाडीत विचारलं.

"मॅडम, फिंगर नो लाइन. क्रीम, वन वीक, कम अगेन. इन्शाल्ला." अहमदने स्टिअरिंगवर बोटांनी हिशेब मांडला. या व्हिसावर आल्यापासून तीस दिवसांत कार्ड व्हायला हवं. दहा दिवस खलास. वीस बाकी.

"और नहीं हुआ तो?"

"इन्शाल्ला होगा," अहमद म्हणाला आणि त्याने रेडिओ लावला. त्या 'इन्शाल्ला'चा अर्थ हो, की बघू, की विचारू नका, हे तिला गाडी शाळेत पोचेपर्यंत कळलं नाही.

शाळेत याचं कारण पहिल्यांदा ओळखलं ते खैरुन्निसाआपांनी. आपा रत्नागिरीच्या खाडीपलीकडच्या, पंधरा वर्षं केजीला शिकवत होत्या. ज्ञानदा स्टाफरूममध्ये क्रीम चोळत बसली होती. आपांनी चष्मा खाली केला आणि एकच प्रश्न विचारला.

"ओल्या बिया सोललीस?"

ज्ञानदाने मान हलवली.

"तेल न लावता?"

तिने पुन्हा मान हलवली. आपा कपाळाला हात लावून इतक्या हसल्या की पलीकडे बसलेल्या केरळच्या बायका बघायला लागल्या. मग चष्मा पुन्हा वर चढवला. "माझी अम्मी सीझनभर सोलायची. जूनपर्यंत तिच्या बोटांना रेघ नसायची. पण अम्मीला कुणी अंगठा मागितला नाही गं."

"किती दिवस लागतात आपा, यायला?"

"तीन हफ्ते. हात सुके ठेव. साबण नको, भांडी नकोत. आणि हे बघ, ओरबाडू नकोस."

हे शेवटचं सर्वांत अवघड होतं. ज्ञानदाला लहानपणापासून खोड होती. जीव टांगणीला लागला की ती नखांजवळची कातडी कुरतडायची. दहावीच्या निकालाला तिने अंगठ्याचं रक्त काढलं होतं. आता तर कुरतडायला दहाही बोटांना पापुद्रे आयते सुटलेले, आणि काळजी अशी की दुसरं काही सुचत नव्हतं. जितकी घाबरायची तितकी कुरतडायची, जितकी कुरतडायची तितका रेघ यायला उशीर व्हायचा. हे तिला समजत होतं, आणि समजून काडीचा उपयोग नव्हता.

घरी देवेशने सगळी हाताची कामं ओढून घेतली. कणीक तो मळे, भांडी तो घासे, लसूण तो सोले. पोळ्या अशा यायच्या की एकीचं तोंड दुसरीला ओळखू येऊ नये. सकाळी पावणेसहाला शाळेची बस यायची, त्याआधी तो तिच्या साडीची पिन लावून द्यायचा आणि दोनदा तरी स्वतःच्या बोटात टोचून घ्यायचा. झोपताना तिच्या हातांना ग्लिसरीन लावून त्यावर आपले पांढरे मोजे चढवायचा. सात वर्षांत नवऱ्याने इतकं जवळ बसून तिचा हात हातात घेतला नव्हता. खरं तर तिने सुखावून जायचं, पण तिचं लक्ष सारखं त्या टोकांकडे.

"होईल गो," तो मोज्याची कड ओढत म्हणायचा. "कशाला घाबरतेस? होईल."

त्याच्या त्या 'होईल'वर ती तगून होती. अहमदच्या शब्दाचा भरवसा नव्हता, पण देवेश म्हणतो म्हणजे होईल. शुक्रवारी तेवढा तो तासभर रुवीला जाऊन यायचा, जैनुद्दीनला भेटायला. सहा वर्षांची सवय, लगेच कशी सुटेल, असं तिला वाटायचं.

काजूगर फ्रीझरमध्येच राहिले. दोघांपैकी कुणीही ते काढायचं नाव घेतलं नाही. बर्फ काढायला फ्रीझर उघडला की ते पुडकं समोर दिसायचं आणि झाकण पटकन बंद व्हायचं.

शाळेत तिला दुसरीचा वर्ग होता, बावीस ओमानी मुलं. वर्गात तिची दुसरी एक खोड निघाली. फळ्यावर अक्षर चुकलं की ती डस्टर न शोधता बोटानेच पुसायची. मार्करची शाई बोटाला लागायची, ती धुवायला साबण, साबणाने पुन्हा कातडी कोरडी. एकदा तिने वर्गाला सांगून टाकलं, मिसच्या बोटांना बरं नाहीये, मिसने बोटाने पुसलं तर ओरडायचं. बस, त्या दिवसापासून बावीस राखणदार झाले. तिचं बोट फळ्याकडे निघालं की अख्खा वर्ग बोंबलायचा, "मिस, फिंगर!" शेजारच्या वर्गातल्या बाईने येऊन विचारलंही, काय चाललंय. पहिल्या बाकावरची बुसैना तर रोज सुट्टीच्या आधी ज्ञानदाचा हात ओढून घ्यायची, डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि डॉक्टरसारखी मान हलवायची.

"मिस, टुडे लिटल बिट," ती सांगायची.

ज्ञानदा स्वतःही बघायची. सकाळी खाली लावलेल्या देवेशच्या गाडीच्या काचेवर धूळ असायची. बस येईपर्यंत ती त्या धुळीत अंगठा दाबायची आणि वाकून ठसा बघायची. नुसता गोल डाग. मग बाजूला दुसरा. देवेश ऑफिसला निघताना काच पुसायचा, पण कधी काही बोलायचा नाही.

एकोणिसाव्या दिवशी ती पुन्हा काउंटरवर गेली. दहातल्या तीनच बोटांचे ठसे उमटले, डाव्या हाताच्या. अहमदचा चेहरा पडला. त्याच दुपारी मुख्याध्यापिकेने तिला बोलावलं. वाईट बोलल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. तीस दिवस झाले की शाळेला तिला वर्गात उभं करता येणार नाही. मग व्हिसा रद्द करून तिला परत जावं लागेल, आणि शाळा दुसऱ्यांदा व्हिसा काढत नाही. "वुई लाइक यू, मिस ज्ञानदा," असं म्हणून त्यांनी टेबलावरचा एक बायोडाटा फाइलखाली सरकवला. तो सरकवतानाच नेमका दिसला.

त्या संध्याकाळी तिने कुरतडलं. भानावर आली तेव्हा उजव्या अंगठ्याची नवी कातडी अर्ध्यापर्यंत निघाली होती. देवेश स्वयंपाकघरातून आला आणि बघतच राहिला.

"ज्ञानदा, काय केलंस हे?"

"तुझ्यासाठीच झालं ना सगळं!" ती ओरडली. "ओले काजू हवेत, ओले काजू हवेत! मेलं दोन किलो सोलत बसले मी! खा आता, काढ तिथून आणि खा!"

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. त्याने हट्ट केला नव्हता, तेल त्याने नाकारलं नव्हतं. त्याने डबा उघडला, ग्लिसरीन काढलं आणि अंगठ्याला पट्टी बांधली. गाठ दोनदा त्याच्या हातून सुटली. तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आपल्याइतकाच घाबरलाय की काय. पण बांधून झाल्यावर तो म्हणाला, "होईल गो," आणि तिने ते पुन्हा धरून ठेवलं.

प्रभावतीबाईंना फोनवर सांगावंच लागलं. "तुका सांगितलंय मा मी?" एवढं म्हणून त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "देवाक नारळ बोललंय. तू हात तेवढे शांत ठेव, बाय." नेहमी अर्धा तास बोलणारी सासू दोन-तीन वाक्यांत आवरती झाली, याचाच ज्ञानदाला जास्त धसका बसला.

पुढचे दहा दिवस तिने हातांवर बसून काढले म्हटलं तरी चालेल. बसमध्ये मांडीखाली हात, मीटिंगमध्ये काखेत हात. आपांनी आपल्या नातवाचे सुती हातमोजे आणून दिले, ते अर्ध्या बोटांपर्यंतच आले, पण कुरतडायला अडवत होते. मे लागला, दुपारी वारा भट्टीतून यावा तसा यायला लागला. रोज सकाळी ती धुळीत अंगठा दाबायची. सव्विसाव्या दिवशी गोल डागाच्या कडेला दोन बारीक वळसे दिसले. सत्ताविसाव्या दिवशी ते दिसले नाहीत, आणि ती दिवसभर जेवली नाही.

एकोणतिसाव्या दिवशी देवेशने रजा टाकली. ऑफिसात अहमद आधीच टोकन घेऊन उभा होता. तीच बाई काउंटरमागे होती. तिने ज्ञानदाचे हात पाहिले, एक ओला रुमाल दिला, टोकं जरा दमट कर म्हणाली. देवेश मागच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्याकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

डाव्या हाताची चार बोटं. हिरवं. डावा अंगठा. हिरवं. उजव्या हाताची चार बोटं. फुली. बाईने बोटं पुसली, स्वतःच्या हाताने तिच्या पंजावर हलकेच दाबलं आणि धरून ठेवलं. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग हिरवं. आता उजवा अंगठा राहिला, तोच, कुरतडलेला. तिने तो काचेवर ठेवला आणि डोळे मिटले. बावीस पोरं एकदम ओरडताहेत असं काहीतरी कानात होत होतं.

"खलास," बाई म्हणाली. "मबरूक." झालं, अभिनंदन.

ज्ञानदाने डोळे उघडले तेव्हा स्क्रीनवर तिचा अंगठा भलामोठा दिसत होता, मधोमध एक कोरा ठिपका आणि भोवती रेघा. अहमद स्वतःवरच खूश होऊन म्हणाला, "आय टोल्ड यू, इन्शाल्ला." ती रडली. सगळ्यांसमोर, नाक ओढत, चांगली रडली. देवेश मात्र खुर्चीतच बसून होता.

परत येताना त्याने गाडी रुवीकडे वळवली. "पाच मिनिटं," म्हणाला, आणि एका जुन्या बिल्डिंगखाली गाडी लावून वर गेला. जैनुद्दीनला बातमी सांगायला गेला असेल, असं तिला वाटलं. ती आपला अंगठा बघत बसली. दहा मिनिटांनी तो खाली आला तेव्हा त्याच्या खांद्यावर सुंभाने करकचून बांधलेली गादीची वळकटी होती आणि हातात कुकर, तवा, एक मग. वर खिडकीतून एक दाढीवाला माणूस वाकला होता.

"भाभी, मुबारक हो!" जैनुद्दीन ओरडला. "आज सुटली बघा याची खाट! दर जुम्याला येऊन झटकून जायचा!"

देवेशने सामान मागे टाकलं आणि गाडी सुरू केली. सिग्नलला गाडी थांबली.

"तू खाट सोडली नव्हतीस," ती म्हणाली.

"नाही."

"माझ्या बोटांमुळे?"

सिग्नल सुटला, त्याने गाडी पुढे घेतली. मग म्हणाला, "नाही. तू यायच्या आधीपासूनच ठेवली होती."

तिला एवढा राग आला की दार उघडून उतरावं. महिनाभर ती ज्या शब्दावर तगली होती, तो शब्द देणाऱ्याचं अंथरूण सगळा वेळ दुसरीकडे पसरलेलं होतं. "मग मला रोज 'होईल, होईल' म्हणायचास, तेव्हा तुला काय वाटत होतं?"

"नाही होणार, असं."

"मग तसं म्हणायचं नाहीस?"

"दोघांनी घाबरून कसं चाललं असतं?" त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "सहा वर्षांत इथे कुणाचं काय टिकलेलं मी बघितलं नाही गो. ज्याने खाट सोडली त्याला ती पुन्हा मिळाली नाही. मला वाटलं, तू परत गेलीस तर मला त्या घरात एकट्याला झोपता येणार नाही."

राग तसाच होता, पण त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. तो रोज रात्री मोजे चढवायचा तेव्हा त्याचेही हात कुणीतरी धरायला हवे होते, आणि ती स्वतःच्या टोकांकडे बघत बसली होती. हे तिला आता कळलं आणि फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर त्याने वळकटी दाराच्या आत भिंतीला टेकवून ठेवली, बांधलेली तशीच, आणि तो हातपाय धुवायला गेला. ज्ञानदाने फ्रीझर उघडला. पुडकं काढून काजूगर पाण्यात सोडले. मग ती दाराशी आली आणि वळकटीसमोर खाली बसली.

"काय करतेस?" तो बाहेर येऊन म्हणाला. "सुंभ आहे तो, बोटं सोलतील. मी सोडतो मागाहून."

"तू कांदा चीर," ती म्हणाली.

गाठ जुनी होती, घामाने आणि धुळीने दगड झालेली. तिने नखं घातली, मग अंगठा. चुरचुरलं, पण तिने सोडलं नाही. तो सुरी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि तिला अडवावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी गाठ सैल झाली. तिने गादी उलगडून गॅलरीत उन्हात टाकली आणि सुंभ कचऱ्याच्या डब्यात.